औद्योगिक पट्ट्यात सेल्फ स्टोरेज : भूवापर बदलाच्या अर्जाआधी आणि अर्जानंतर

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची बंद पडलेली एखादी शेड किंवा ठाण्यातला मोकळा औद्योगिक भूखंड घेऊन तेथे सेल्फ स्टोरेज उभारायचे ठरले, की बहुतेक जण सल्लागाराला आधी विचारतात ते ‘झोन बदलून कधी मिळेल’ हे. त्याआधी झोन बदलण्याची खरोखर गरज आहे का, हे तपासायला हवे. लोकांच्या घरातले किंवा दुकानातले सामान छोट्या कुलूपबंद खोल्यांत महिन्याच्या भाड्याने ठेवून घेणे ही मुळात साठवणूक आहे, विक्री नव्हे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत साठवणुकीच्या इमारतींचा ‘एच’ हा गट दुकानांच्या ‘एफ’ गटापासून वेगळा ठेवलेला आहे, आणि औद्योगिक विभागात गोदामाचा वापर सर्वसाधारणपणे अनुज्ञेय असतो. अर्जात प्रकल्पाचे वर्णन ‘व्यापारी संकुल’ असे केले तर स्वतःहून भूवापर बदलाचा लांबचा रस्ता धरल्यासारखे होते. ‘घरगुती व कार्यालयीन सामानाचे गोदाम’ असे नेमके वर्णन केले, तर पुष्कळदा विकास परवानगी किंवा प्रयोजन बदलाची मंजुरी पुरते.

यानंतर त्या जमिनीचे नियोजन प्राधिकरण कोण, हे ठरवावे. नवी मुंबईत येथेच सर्वाधिक गोंधळ होतो. दिघ्यापासून नेरुळ-शिरवण्यापर्यंत पसरलेले टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्र महापालिकेच्या हद्दीत आहे आणि मालमत्ता कराची देयकेही महापालिकेकडूनच येतात, परंतु तेथील बांधकाम परवानगी एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) विशेष नियोजन प्राधिकरण या नात्याने, स्वतःच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार देते. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली एमआयडीसी क्षेत्राला लागू नाही. ती या क्षेत्राबाहेरच्या ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या जमिनींना लागू होते. सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेला भूखंड असेल तर पट्टाकार म्हणून सिडकोची संमतीही लागते. भिवंडीभोवतालच्या अधिसूचित गावांत नियोजन प्राधिकरणाचे काम एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे. प्राधिकरण चुकले तर अर्ज परत येण्यातच काही महिने जातात.

कागद गोळा करताना झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा प्रथम घ्यावा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, सर्व फेरफार, मोजणीचा नकाशा आणि मालकी हक्काबाबतचा वकिलाचा शोध अहवाल त्यानंतर जोडावा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित न होणारी जमीन), कुळकायद्याची अट किंवा आदिवासी खातेदाराची नोंद असेल तर महसूल खात्याची परवानगी मिळाल्याशिवाय व्यवहाराचे बयाणेही देऊ नये. सुधारित प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झालेली असल्यास तीही पाहावी, कारण परवानगी देताना प्रारूप योजनेचाही विचार करणे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४६ नुसार बंधनकारक आहे आणि जुन्या नकाशात औद्योगिक दिसणाऱ्या जागेवरून नव्या नकाशात रस्ता गेलेला असू शकतो.

एमआयडीसीच्या भूखंडावर खरी कसोटी झोनची नसून भाडेपट्ट्याची असते. तेथील जमीन सामान्यतः ९५ वर्षांच्या पट्ट्याने दिलेली असते आणि करारात प्रयोजन लिहिलेले असते. रसायनाच्या किंवा यंत्रभागांच्या उत्पादनासाठी दिलेल्या जागेवर सामान साठवायचे तर आधी प्रयोजन बदलाची लेखी मंजुरी आणि त्याचे शुल्क आले. शिवाय जागा दुसऱ्याला वापरायला देण्यासाठी महामंडळाची पूर्वसंमती लागते. मग दोनशे ग्राहकांना दोनशे खोल्या दिल्या तर ते दोनशे पोटभाडेकरू ठरतील काय, असा प्रश्न अधिकारी विचारू शकतात आणि त्यांचा प्रश्न योग्यही आहे. म्हणून ग्राहकाशी होणाऱ्या कराराचा मसुदा अर्जासोबतच जोडावा. ग्राहकाला जागेत कोणताही हक्क मिळत नाही, तेथे काम, विक्री किंवा वास्तव्य करता येत नाही आणि त्याला केवळ सामान ठेवण्याची सेवा मिळते, हे त्या मसुद्यात निःसंदिग्ध असावे.

एवढे तपासूनही जमीन हरित किंवा अन्य विभागात निघाली, तरच विकास योजनेत फेरबदल मागावा. त्याचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ आहे. केवळ प्रादेशिक योजना लागू असलेल्या भागासाठी कलम २० आहे. कलम ३७ खाली योजनेचे मूळ स्वरूप बदलणार नाही असाच फेरबदल करता येतो, त्यामुळे औद्योगिक पट्ट्याला लागून असलेला तुकडा आणि चहूबाजूंनी शेतीत असलेला तुकडा यांच्या प्रस्तावांत मोठा फरक पडतो. महापालिकेच्या सभेत ठराव होतो, सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते, हरकती व सूचनांसाठी एक महिना दिला जातो, सुनावणी होते आणि प्रस्ताव नगरविकास विभागाकडे जातो. नगररचना संचालकांचा अभिप्राय घेऊन शासन अंतिम निर्णय देते, आणि मंजुरीसोबत अधिमूल्य (प्रीमियम) भरण्याची अट येऊ शकते. ते वार्षिक मूल्यदर तक्त्यातील (रेडी रेकनर) दराशी जोडलेले असते, म्हणून जमिनीचा भाव ठरवतानाच हा खर्च धरावा. खरेदीखत फेरबदल मंजूर होण्याच्या अटीवर ठेवता आले तर उत्तम.

हरकतींची वाट न पाहता शेजाऱ्यांना आधीच भेटावे, असे मी आग्रहाने सांगेन. रबाळे, महापे, तुर्भे या गावांच्या जमिनींवर हा औद्योगिक पट्टा उभा राहिला आहे. तेथील ग्रामस्थांना अवजड वाहनांचा त्रास ठाऊक आहे. सेल्फ स्टोरेजला येणारी वाहने बहुतांशी टेम्पो आणि मोटारी असतात. हे तोंडी सांगण्यापेक्षा वेळा, वाहनांचे प्रकार आणि आवारातच गाडी वळवण्याची जागा दाखवणारा नकाशा द्यावा.

खाडीच्या बाजूला जमीन असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राची रेषा नकाशावर चढवून घ्यावी. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरांत बांधकामास मनाई करणारा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश २००५ पासून आहे, आणि ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या सान्निध्यामुळे तपासणी अधिक कडक होते. अशा जागेवर झोन बदलूनही बांधता येणार नाही.

आराखड्यात वास्तुविशारदाला अग्निसुरक्षेपासून सुरुवात करायला सांगावे. आतल्या अरुंद, एकसारख्या गल्ल्या आणि बंद दारांआड काय ठेवले आहे याची अनिश्चितता, यांमुळे साध्या गोदामापेक्षा येथे धोका अधिक आहे. खोल्यांच्या भिंती छतापर्यंत बंद केल्या तर स्प्रिंकलरचे पाणी आत पोहोचत नाही, म्हणून वर जाळी ठेवावी. गल्ली एका टोकाला बंद ठेवू नये. ज्वलनशील द्रव, गॅस सिलिंडर व रसायने घेणार नाही, हे हमीपत्र अग्निशमन विभागाला द्यावे आणि ते पाळावे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. उंच शेडमध्ये नंतर मधला मजला टाकायचा विचार असेल तर तो आत्ताच नकाशात दाखवून चटईक्षेत्रात मोजून घ्यावा.

शेवटी भोगवटा प्रमाणपत्र हाती आले की त्यातील प्रयोजनाचा शब्द वाचावा. तेथे ‘साठवणूक’ किंवा ‘गोदाम’ असे लिहिलेले नसून जुनेच ‘उत्पादन’ राहिले असेल, तर दुरुस्ती करून घेतल्यावरच पहिल्या ग्राहकाचे सामान आत घ्यावे.