हुरड्याच्या रात्री तेजोमेघाचं चित्र

जानेवारीत अमावास्येच्या आसपास शेतावर हुरड्याला जमलात, तर दुर्बीण, वही आणि 2बी पेन्सिल सोबत न्या. परभणी-बीडकडच्या शिवारात रात्री नऊ-दहाला मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. आधी आगटीपासून लांब, तिच्याकडे पाठ करून बसा. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. जाळाकडे किंवा मोबाइलकडे एकदा पाहिलं की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधा.

मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एम 42 नावाचा तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा उजळ ढग, सापडेल. आधी फक्त तारे ठिपक्यांनी मांडा. इथं अंतरं चुकली तर पुढे काहीच जुळत नाही. मग पेन्सिलीचा भुगा इअरबडनं हलकेच पसरा, बोटानं नको, घामाचे डाग पडतात. आणि नजर तेजोमेघावर रोखू नका, किंचित बाजूला ठेवा. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर नसतातच. कडेनं पाहिलं की पंखांसारखी धूसर झाक अलगद उमटते. फार सुंदर असतो तो क्षण, घाई करू नका.

दहिवरानं कागद मऊ पडतो, म्हणून मधूनमधून वही झाकून ठेवा. घरी चित्र स्कॅन करून काळं-पांढरं उलटं केलं की आकाश काळं आणि तेजोमेघ उजळ दिसेल.