बँडमध्ये चार वाद्यं वाजवायची असतील तर

बेळगाव-खानापूर भागातल्या बँडमध्ये "तुला किती वाद्यं येतात?" असं कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "आज क्लॅरनेटवाला यायचा नाही, तू धरशील काय?" धरणारा असेल तर सुपारी (ठरलेलं काम) हातची जात नाही, आणि पुढच्या वेळी फोन त्यालाच येतो. माझी सगळी वाटचाल या धरण्यातूनच झाली. गावातल्या भजनी मंडळात पेटी, मग लग्नाच्या बँडमध्ये साईड ड्रम, पुढे क्लॅरनेट, थोडा सॅक्सोफोन, आणि ऑर्केस्ट्रात कीबोर्ड.

नवीन पोरं पहिल्या वर्षातच तीन वाद्यांना हात घालतात. माझं मत उलट आहे. पेटी आधी पक्की करा. पेटीवर 'सा' डोळ्यांना दिसतो. तो काळी एकवरून (सप्तकातली पहिली काळी पट्टी) उचलून पांढरी चारवर (चौथी पांढरी) ठेवला की बाकीचे सूर कुठे सरकतात हे बोटांना कळलं, की पुढचं वाद्य निम्मं आलं म्हणायचं.

खरी गंमत फुंकवाद्यांत आहे. ट्रंपेटवर एकही चावी न दाबता ज्याला 'सी' म्हणतात तो सूर काढला, तर पेटीवर तो काळी पाच निघतो. नेहमीच्या क्लॅरनेटचंही तसंच. आल्टो सॅक्सोफोनचा 'सी' मात्र पेटीच्या काळी दोनवर बसतो. म्हणजे गायक काळी दोनमध्ये गात असेल तर सॅक्सवाल्याचा सा त्याच्या 'सी'वर, ट्रंपेटवाल्याचा 'एफ'वर, आणि कीबोर्डवाला ट्रान्सपोजच्या बटणाने सगळे सूर तीन पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या धरून) वर सरकवून पांढरी एकवरूनच निवांत वाजवतो. पांढरी चार म्हटलं की सॅक्स 'डी'वर, ट्रंपेट 'जी'वर. हा हिशेब वहीत लिहून भिंतीला लावा. मांडवात गायक ऐनवेळी पट्टी बदलतो आणि मास्तर नुसती बोटं दाखवतात, तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

पेटीवरून क्लॅरनेटवर येणाऱ्याला आणखी एक धक्का बसतो. मागची सप्तकाची चावी दाबली की वरचा सा मिळेल असं वाटतं, पण मिळतो त्याच्याही वरचा पंचम. त्यामुळे खालच्या आणि वरच्या सुरांची बोटं वेगळी शिकावी लागतात. सॅक्सोफोनवर ही भानगड नाही, तिथे तीच बोटं आणि सरळ वरचा सा. म्हणून क्लॅरनेटवाला सॅक्सवर लवकर रुळतो, सॅक्सवाला क्लॅरनेटवर कुरकुरत येतो. (आमच्या मास्तरांना सॅक्स हे आळशी माणसाचं वाद्य वाटायचं. मला तसं वाटत नाही, पण त्यांच्यासमोर कोण बोलणार!)

मार्गशीर्षातल्या पहाटेच्या लग्नात क्लॅरनेट थंड असतं, सूर उतरलेला लागतो. वाजवून गरम झालं की चढतो. पेटी आणि कीबोर्ड जागचे हलत नाहीत. वरात निघण्याआधी वाद्यात थोडा वेळ नुसती ऊब फुंकून मगच सूर जुळवायचे.

गाण्यांचं म्हणाल तर आपल्याकडे एका भाषेवर भागत नाही. निपाणी-चिकोडीकडे मराठी गाण्यामागून लगेच कन्नड गाण्याची फर्माईश येते. भजनात अभंगानंतर दासरपद (कन्नड हरिदासांचं पद), कुठे बसवण्णांचं वचन. शब्द येत नसले तरी चाल पाठ हवी, आणि ज्याला कन्नड मुखडा देवनागरीत लिहून घ्यायची सवय आहे त्याची चलती असते. सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी तर दोन्ही भाषांत मागतात. तिथल्या एकतारी चौडक्याचा हुबेहूब आवाज मात्र मला अजून कुठल्या कीबोर्डात सापडलेला नाही.

पैसा हंगामी. तुळशीचं लग्न झालं की सुरू, वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, मग आषाढ लागला की थेट गणपतीपर्यंत हात रिकामे. बांधलेला पगार हवा असेल तर लष्कर आणि वायुदल वादकांची भरती करतात, पण २०२२ पासून ती अग्निवीर म्हणून चार वर्षांची असते, कायम थोड्यांनाच करतात. आपल्या बेळगावातच मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि लष्करी बँडचं शिक्षण पचमढीला होतं. तिथे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी (स्टाफ नोटेशन) वाचता यावी लागते, कानावर वाजवणाऱ्याचं काम तिथे अडतं. रिकाम्या आषाढात ती शिका, आणि गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षाही जमतील तशा द्या.

शेवटी खरेदी. बँडची नवी वाद्यं बहुतेक मेरठहून येतात, पण सुरुवातीला जुनं क्लॅरनेट चालतं. सांगाडा जोडा, सगळी भोकं बोटांनी बंद करा, खालचं तोंड गुडघ्यावर दाबून धरा आणि वरून हवा ओढा. ओढ धरून राहिली तर पॅड (चाव्यांखालच्या, भोकं बंद करणाऱ्या गाद्या) ठीक आहेत. कुठून तरी सुस्स आवाज आला तर पॅड बदलण्याचा खर्च किमतीतून आधी वजा करायला सांगा. विकणारा ऐकत नसेल तर सरळ उठा.