थंडीचं पित्त आणि चिनी पेज

नागपुरात जानेवारीत सकाळी सातला फुटाळ्यावरून गाडी काढली की सिव्हिल लाइन्सला पोचेपर्यंत माझ्या मनगटावर गांधी उठायच्या. हे थंडीचंच पित्त का, याची खात्री करायची तर डॉक्टरसमोरच करा: हातावर पाच मिनिटं बर्फ, मग काढून दहा मिनिटं थांबायचं. माझा बर्फाएवढा चौकोन फुगला होता.

चिनी वैद्यक म्हणतं, अंगाची राखण करणारी शक्ती दुबळी पडली की वारा आणि थंडी कातडीतून आत शिरतात. त्यावरचा त्यांचा सुमारे 1800 वर्षांपूर्वीचा काढा म्हणजे ग्वेइ-झ्ह थांग: दालचिनीची कोवळी डहाळी, पांढऱ्या पिओनी या फुलझाडाचं मूळ, आलं, ज्येष्ठमध आणि चिनी बोरं. इतवारीच्या बाजारात मिळते ती साल, डहाळी नव्हे. म्हणून घरी नक्कल करू नका, जाणकाराकडूनच घ्या. ज्येष्ठमधानं बीपी चढतं, म्हणून बीपी असेल तर तेही सांगून ठेवा.

मला आवडली ती त्यांची रीत. काढ्यानंतर लगेच गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घ्यायचं, अंग जेमतेम ओलसर होईतो. घामानं निथळायचं नाही. काढ्याशिवायही मी आल्याची पेज पिऊनच निघते. कोपर दुमडल्यावर घडीच्या बाहेरच्या टोकाला असलेला छ्यू-छ् हा चिनी वैद्यकातला दाबबिंदू मिनिटभर दाबते. फरक किती, देव जाणे. पण बरं वाटतं.

डॉक्टरची अँटीहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीवरची गोळी मात्र मी सोडलेली नाही. गार पाण्यात पोहणं बंद. ओठ-जीभ सुजली, धाप लागली तर पेज नाही, 108.