अँब्युलन्सच्या फोनवर सिस्टर बसवायच्या असतील तर

बडोद्याच्या दांडियाबाजारात आमच्या ट्रस्टची अँब्युलन्स एकच, आणि फोन दिवसभर चालू. कुणाची दाढ दुखतेय, कुणाला ड्रेसिंगला जायचंय, आणि गाडी नेमकी तिकडे गेली की मांडवीतून खरोखर सिरियस पेशंटचा फोन येतो. म्हणून आम्ही हलक्या कॉलसाठी फोनवर सिस्टर बसवल्या. मी स्वतः कॅज्युअल्टीत २२ वर्षं काढलेली नर्स आहे, दोनतीन मंडळांनी विचारलं म्हणून कसं करायचं ते लिहितेय.

ही पद्धत बाहेर बरीच वर्षं चालू आहे. अमेरिकेत ९११ या इमर्जन्सी नंबरचे हलके कॉल नर्सकडे द्यायला लुईव्हिलला २०१० मध्ये आणि वॉशिंग्टन डीसीत एप्रिल २०१८ मध्ये सुरुवात झाली. पण फोन घेणारा माणूस आधी ठराविक प्रश्न विचारतो आणि त्यातून हलके ठरलेलेच कॉल नर्सपर्यंत जातात. आपल्याकडे उलटं होतं, सिस्टर आहेत ना मग सगळं त्यांच्यावर टाका, आणि हार्टचा पेशंट लाईनवर थांबून राहतो. असं अजिबात करू नका.

तर फोन उचलणाऱ्याने आधी एवढंच विचारायचं: शुद्धीवर आहेत का, श्वास नीट चालू आहे का, छातीत दुखतंय किंवा जड वाटतंय का, रक्त थांबत नाहीये का, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाहीये, बोबडं बोलतायत असं काही आहे का. एकातही गडबड वाटली की लगेच १०८, सिस्टरला विचारायला थांबायचं नाही. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यातली दहा मिनिटं आपण खायची नाहीत. बाळंतपणाच्या कळा, महिन्याच्या आतल्या बाळाला ताप, उत्तरायणला मांज्याने गळा कापला, हे पण सरळ १०८. गुजरातमध्ये ही गाडी २००७ पासून फुकट आहे, तरी अजून लोक आधी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावतात!

आता सिस्टरचं काम. पेशंट बोलू शकत असेल तर फोन त्यांच्याच हातात द्यायला सांगायचा, कारण घरचे सगळं कमी करून सांगतात नाहीतर वाढवून. आमच्याकडे डिसेंबरात एका सूनबाईंचा फोन आला होता, "सिस्टर काही नाही, पप्पांना गॅस झालाय, गभरामण थाय छे म्हणतात, सकाळी दाखवलं तर चालेल ना?" आता बडोद्यात गभरामण हा शब्द आपण मराठी लोकही सर्रास वापरतो, त्यात टेन्शन पण येतं, जीव घाबरा होणं पण येतं आणि हार्ट अटॅक पण येतो. सिस्टरने काकांना फोन द्यायला लावला, तर ते तीन शब्द बोलून थांबत होते, परत दम घेऊन तीन शब्द. बनियन ओलं आहे का विचारलं, तर डिसेंबरच्या थंडीत भिजलेलं. डायबेटिस जुना. बऱ्याच डायबेटिसवाल्यांना आणि बायकांना अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही, नुसता घाम येतो आणि दम लागतो, म्हणून तिने दुसऱ्या फोनवरून १०८ लावली आणि गाडी दारात येईपर्यंत यांची लाईन सोडली नाही. फोनवर डोळे नसतात, त्यामुळे एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय का हे कानांनी ऐकायचं. कधी सुरू झालं, शुगर-बीपी आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का हे पण विचारायचंच. ती गोळी घेणारे आजोबा पडले आणि डोक्याला लागलं, तर कितीही ठणठणीत बोलत असोत, हॉस्पिटल.

मग चारच उत्तरं असतात: १०८, आज डॉक्टर, उद्या ओपीडी, किंवा घरीच ओआरएस वगैरे. शंका आली की वरचं उत्तर द्यायचं. नवीन औषध सिस्टरने फोनवर सांगायचं नाही, प्रिस्क्रिप्शन डॉक्टरचंच, म्हणून एक डॉक्टर फोनवर हाताशी हवेतच आणि प्रश्नांच्या कागदावर त्यांची सही हवी. आणि इतकं समजावूनही घरच्यांना गाडी हवीच असेल तर वाद न घालता पाठवा, त्यांना तिथे काहीतरी दिसत असतं जे आपल्याला ऐकू येत नाही.

सिस्टर नवीन पास झालेल्या नकोत, चारपाच वर्षं कॅज्युअल्टी किंवा आयसीयू केलेल्या बघा, मराठी गुजराती हिंदी तिन्ही बोलणाऱ्या, आणि त्यांना पगार द्या, सेवा म्हणून फुकट राबवू नका. दर रविवारी डॉक्टरांबरोबर बसून ज्यांना घरीच थांबा सांगितलं तेवढेच कॉल परत ऐकायचे, चूक झाली तर तिथेच सापडते.

घरी थांबा सांगितलेल्या प्रत्येकाला काय झालं तर लगेच १०८ लावायची हे सांगायचं, त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायचं, आणि दोन तासांनी आपणच फोन करायचा. ती वेळ वहीत लाल पेनने लिहा, आणि ड्यूटी बदलताना वही पुढच्या सिस्टरच्या हातात द्या, तोंडी सांगून निघू नका.