देवनारहून आणलेला बोकड: पहिल्या आठवड्यात छाती कशी जपावी

राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून देवनारच्या बाजारात येणारा बोकड ट्रकमध्ये तासन्‌तास उभा असतो. वाटेत चारा-पाणी मिळतंच असं नाही. घरी आणल्यावर दोन-चार दिवसांत तो खोकू लागतो आणि आपण म्हणतो, मुंबईची हवा मानवली नाही. खरं दुखणं बरेचदा वाटेतच लागलेलं असतं.

मानहेमिया, पाश्चुरेला हे जंतू धडधाकट शेळीच्याही नाकाघशात असतात. एरवी तिथलेच इतर जंतू आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना आवरून धरतात. उपासमार, तहान आणि भीती एकत्र आली की रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, प्रतिकारशक्ती मंदावते. पाण्याअभावी श्वासनलिकेतला चिकट स्राव घट्ट होतो, त्यात अडकलेली घाण वर ढकलली जात नाही. मग तेच जंतू फोफावतात आणि फुप्फुसात उतरतात.

आधी पाणी. स्वच्छ पाणी समोर ठेवा, त्याचं त्याला पिऊ द्या. मान वर धरून बाटलीने ओतू नका. ठसका लागून पाणी फुप्फुसात गेलं तर त्यातूनही न्यूमोनिया होतो.

मग सुका चारा. पहिला दिवस फक्त सुकं गवत किंवा कडब्याची कुट्टी, दुसऱ्या दिवसापासून थोडा झाडपाला. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, तेही मायेपोटी: घरातली पोरं पोळ्या भरवतात, कुणी मका देतं, कुणी उरलेला भात. उपाशी पोटात हे एकदम गेलं की आम्ल वाढतं, जनावर आणखी खचतं आणि छातीच्या जंतूंना मोकळं रान मिळतं. धान्य द्यायचंच असेल तर आठवडाभराने, मूठभरापासून.

जागा. पाऊस लागतो म्हणून चारी बाजूंनी ताडपत्री लावू नका. खालून झड अडवा, वरून वारा खेळू द्या. उकिडवे बसून आपलं नाक बोकडाच्या नाकाइतकं खाली न्या. डोळे चुरचुरले, तर मुताचा अमोनिया साचलाय. ओलं गवत काढून कोरडं पसरा.

रोज बघायचं. सावलीत शांत उभा असताना बरगड्यांमागची कूस किती वेळा हलते ते मिनिटभर मोजा. १५ ते ३० ठीक. ४० च्या वर, नाकातून पिवळा शेंबूड, चाऱ्याकडे पाठ किंवा १०४ फॅरेनहाइटच्या वर ताप असेल तर घरात उरलेल्या अँटिबायोटिकचा प्रयोग नको. जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या हेल्पलाइनवर फोन करा किंवा परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलात न्या. बोकड ईदसाठी असेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगा, कारण औषधाचा अंश मांसात काही दिवस राहतो.

पाळण्यासाठी आणला असेल तर घरच्या शेळ्यांपासून दोन-तीन आठवडे वेगळा बांधा, भांडीही वेगळी ठेवा. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस दिली आहे का, ते विकणाऱ्याला विचारा. नसेल तर तो नीट खाऊ लागल्यावर, ताप नसताना, डॉक्टरांकडून टोचून घ्या.