कोजागिरीला गल्लीभर रांगोळी काढायची तर

भुलाबाईच्या महिन्यात, म्हणजे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, विदर्भातल्या गावांत पोरी संध्याकाळी गाणी म्हणायला जमतातच. सामूहिक रांगोळीसाठी निराळा कार्यक्रम आखण्यापेक्षा कोजागिरीचाच दिवस धरावा. अडचण एवढीच की याच सुमारास सोयाबीनची सोंगणी चालू असते आणि बाया सकाळीच मजुरीला निघतात. भरदुपारी ‘कार्यशाळा’ ठेवली, तर शाळेची पोरं आणि फोटोपुरते पुढारी तेवढे येतील. सारवण सकाळी शेतावर जायच्या आधी आणि रांगोळी संध्याकाळी सातनंतर, असंच बसवावं लागतं.

स्पर्धा लावू नये. बक्षीस आलं की जो तो आपला चौकोन धरून बसतो, आणि थरथरत्या हाताची आजी ओट्यावरून खाली उतरत नाही. कार्यक्रमाला हळदीकुंकवाचं नावही देऊ नये. ते ऐकून विधवा बाया घरीच थांबतात. भोंग्यावरून पुकारा करून भागत नाही. दोघीतिघींनी दारोदार जाऊन बोलावावं, आणि गावातला एकही मोहल्ला सोडू नये. एका मोहल्ल्याच्या देवळासमोरची जागा घेतली तर बाकीचे पाहुण्यासारखे कडेला उभे राहतात. त्यापेक्षा शाळेचं पटांगण किंवा ग्रामपंचायतीसमोरचा चौक बरा.

खरं काम जमिनीचं. तीन-तीन फुटांच्या दहा रांगोळ्या आणि मध्ये दीड-दीड फुटाची वाट धरली, तर साधारण 45 फूट लांब, 5 फूट रुंद पट्टा लागतो. दोन दिवस आधी तो पाणी शिंपून चोपून घ्यावा. हे काम तरुण पोरांकडे द्यावं. सारवणाला दीड घमेलं ताजं शेण आणि तेवढीच चाळलेली पांढरी माती, पाणी घालून हातातून संथ ओघळेल इतकं पातळ. काळी माती घालू नका. ती वाळताना आकसते आणि दुपारपर्यंत भेगा पडतात. जनावरं हिरव्या चाऱ्यावर असली की शेण पातळ येतं, त्याला धर नसतो; मग पाणी कमी करून मूठ-दोन मूठ बारीक कुटार, म्हणजे भुसा, मिसळावं. पोतेरं एकाच दिशेनं फिरवलं तर थर सारखा बसतो.

संध्याकाळपर्यंत सारवण पार कोरडं होतं, आणि कोरड्यावर रांगोळी वाऱ्यानं सरकते. काढायच्या अर्धा तास आधी ओल्या हातानं पाणी शिंपडावं. बोट टेकवलं तर ओल जाणवली पाहिजे, पण बोटाला शेण लागता कामा नये. त्याहून ओलं असेल तर पांढरी रेघ शेणात मुरते आणि पिवळट दिसते. गल्ली सिमेंटची असेल तर आदल्या रात्री गेरू भिजवून ठेवावा, सकाळी फडक्यानं त्याचा हात फिरवावा.

ठिपके सगळ्यांना जमतात, म्हणून नवख्यांना तिथूनच घ्यावं. 13 ते 7 ही मांडणी गटाला सोयीची: मधल्या ओळीत 13 ठिपके, वर-खाली एकेक कमी करत 7 पर्यंत, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या ठिपक्यांच्या मधोमध. एकूण 127 ठिपके. दोन ठिपक्यांत तीन इंच अंतर ठेवलं की रुंदी बरोबर तीन फूट येते. इथं एक चूक हमखास होते. ओळींमधलं अंतरही तीन इंच धरलं जातं आणि नमुना उभा ताणला जातो. ते अडीच इंचांहून किंचितच जास्त ठेवावं. रद्दीच्या कागदाला उदबत्तीनं भोकं पाडून ठेवली तर लहान पोरंही ठिपके नीट टाकतात. कागद मात्र सरळ वर उचलावा, ओढला की सगळं पुसतं.

रेघा ओढणं आजीबाईंच्या तोंडी हुकमावर चालू द्या. त्यांना आधी वहीवर नमुना काढून मागू नये. पेन हातात आलं की हात अडतो, जमिनीवर चिमूट सुटली की आठवतं. एका पोरीनं शेजारी बसून ठिपक्यांची संख्या आणि पहिली रेघ कुठून निघाली ते लिहून घ्यावं. नुसत्या फोटोवरून रेघांचा क्रम कळत नाही. फोटो काढण्याआधी विचारावं, हे सांगायला नको.

पांढऱ्या रेघांना एका रांगोळीमागे पाव किलो पूड पुरते. रंग भरायचा तर दर चौरस फुटाला 100 ते 150 ग्रॅम धरा. त्यासाठी गेरू, हळद, विटेची पूड आणि कोळशाची पूड पुरेशी आहे. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात जळक्या तुसाचा काळा रंग फुकट मिळतो. चमकी नको, झाडली तरी मातीतून निघत नाही. दगडाची पूड चाळताना तोंडाला ओढणी बांधावी, आणि बाजारचे रंग वापरले असतील तर दुधाचा पेला घेण्याआधी सगळ्यांचे हात धुवून घ्यावेत.

चांदणं कितीही लख्ख असलं तरी ठिपके दिसत नाहीत. दोन बाजूंना बांबूवर दोन बल्ब हवेत. एकच असेल तर काढणाऱ्याची सावली रांगोळीवर पडते. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना बल्ल्या आडव्या टाकाव्यात, नाहीतर पहिली मोटरसायकल नऊच्या आत येते.

सकाळी ज्यांनी काढली त्यांनीच झाडावी. उरलेली पूड दमट जागी राहिली तर गुठळ्या होतात आणि चिमटीतून सुटत नाही. उन्हात वाळवून, मलमलच्या फडक्यातून चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरली की ती दिवाळीला कामी येते.