निवृत्त लोकांसाठी विद्यापीठाचा कोर्स चालवताय? मग या चुका टाळा

बेळगावातल्या आमच्या पहिल्या बॅचला एक काका यायचे, रोज दरवाज्याला लागून असलेल्या खुर्चीवरच बसायचे. पुढे या म्हटलं की "असू दे ओ सर, हितंच बरं आहे". आणि तासात दोन-तीनदा उठून बाहेर जायचे. मला वाटलं यांचं मन लागत नाहीये, विषय रटाळ होतोय, म्हणून मी पुढच्या आठवड्याचा विषयच बदलून टाकला. चौथ्या आठवड्यापासून ते यायचे बंद झाले. फोन केला तर म्हणाले, जरा घरचं काम निघालंय. दोन महिन्यांनी शनिवार खुटाजवळ भेटले, चहाला बसलो, तेव्हा हळूच सांगितलं, "सर, सकाळी बीपीची गोळी घेतोय न्हवं, ती लघवीची गोळी आहे. घडीघडी जायाच लागतंय. तुमचा वर्ग वरती आणि संडास-बाथरूम खालती, जिन्याला धरायला एकाच बाजूला. किती वेळा चढायचं-उतरायचं?"

माझ्या अभ्यासक्रमात काहीच चुकलं नव्हतं, जिना चुकला होता.

ही गोष्ट आधी सांगतोय कारण निवृत्त माणसांचे वर्ग चालवताना सगळ्यात मोठी चूक हीच होते. या वयाची माणसं तक्रार करत नाहीत, यायची बंद होतात. कारण विचारलं तर घरचं काम, पाहुणे, लेकीकडं जायचंय. खरं कारण सांगायची लाज वाटते, कारण ते कारण त्यांच्या शरीराचं असतं. त्यामुळे हजेरी कमी व्हायला लागली की लगेच वक्ते आणि विषय बदलायला घेऊ नका, आधी जिना, बाथरूम, खुर्ची, माईक आणि बस या पाच गोष्टी स्वतः जाऊन बघा.

जागा आणि वेळ

वर्ग तळमजल्यावरच हवा, यात तडजोड करूच नका. लिफ्ट आहे असं कोणी सांगितलं तरी नको, कारण लाईट गेली की लिफ्ट बंद आणि पावसाळ्यात आपल्याकडं लाईट किती वेळा जाते ते सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजचे ते जोडलेले बाक, ज्यात कडेनं सरकून आत शिरायचं असतं, ते गुडघेदुखीवाल्यांना अजिबात चालत नाहीत. हात असलेल्या सुट्या खुर्च्या मागून घ्या, हातावर भार देऊन उठता येतं. पाऊण तास झाला की पंधरा मिनिटं सुट्टी, आणि ही सुट्टी वक्ता कितीही रंगात आला तरी कापायची नाही. मी वर्ग खाली आणल्यावर त्या काकांना स्वतः फोन केला आणि जागा बदलली एवढंच सांगितलं. पुढच्या बॅचला आले, आता मधल्या ओळीत बसतात.

वेळ साडेदहा ते साडेबारा. साडेबाराच्या पुढं ताणलं की शुगरवाल्यांचं जेवण लांबतं, गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं असेल तर साखर उतरून घाम फुटतो, हात थरथरतात. चहा बिनसाखरेचा वेगळ्या थर्मासमध्ये ठेवा, पण अशी वेळ आली तर द्यायला साखर आणि ग्लुकोज बिस्किटं पण हाताशी पाहिजेत. कुंदा, म्हणजे आपली बेळगावची मिठाई, कोणीतरी आणतंच, नातू झाला, नातीला नोकरी लागली म्हणून. तेव्हा कोणाला अडवू नका, ती लहान मुलं नाहीयेत.

ऐकू येत नाही हे कोणीच सांगणार नाही

वय झालं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू यायचे कमी होतात. म्हणजे स, श, फ, त, क असली अक्षरं गळतात आणि स्वर तेवढे ऐकू येतात. माणसाला बोलणं चाललंय ते कळतं पण काय बोलले ते कळत नाही. अशा वेळी वक्ता ओरडायला लागला की आणखीच बिघडतं. थोडं सावकाश, जरा जाड आवाजात, आणि तोंड समोर ठेवून बोलायला सांगायचं. फळ्याकडं तोंड करून बोलणारे प्राध्यापक हा आमच्या वर्गातला जुना त्रास आहे, त्यांना मी आधीच हात जोडून सांगतो. मागून प्रश्न आला तर तो माईकवर परत म्हणून दाखवायचा, नाहीतर पुढच्या तीन ओळींना नुसतं उत्तर ऐकू येतं. डोक्यावरचा खडखडणारा पंखा दुरुस्त करून घ्या, मी त्यासाठी चार पत्रं लिहिली, शेवटी एका निवृत्त इलेक्ट्रिशियन सभासदानंच शिडी लावून बेरिंग बदललं.

स्लाईडचं पण तसंच. डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे पिवळसर होत जातं, त्यामुळे निळं, जांभळं, हिरवट यातला फरक नीट कळत नाही. निळ्या पाटीवर जांभळी अक्षरं म्हणजे कोरी पाटीच. पांढऱ्यावर काळं, मोठं, एका स्लाईडवर चार-पाच ओळी, बस्स.

कॅलेंडर न बघता टाईमटेबल

विद्यापीठाचं सेमिस्टर बघून बॅच लावली की ती फसणारच. आपल्या भागात नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाले हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांगेत असतात. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, त्या दिवशी शहरात यायचं म्हणजे दिव्यच. डिसेंबरमध्ये सुवर्ण विधानसौधला विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की बंदोबस्त, मोर्चे, वळवलेले रस्ते. जून-जुलैत खानापूर तालुक्यातल्या पावसात कोणी साठीचा माणूस बस बदलत येणार नाही, शिवाय माळकरी मंडळी आषाढीला पंढरपूरला गेलेली असतात. गणपतीचे अकरा दिवस विसराच. एप्रिल-मेला पुण्या-बेंगळूरची नातवंडं घरी येतात. एवढं सगळं वजा केलं की संक्रांतीनंतर ते मार्चअखेर हा काळ खरा आपला, आणि दुसरी छोटी बॅच गणपतीनंतर दिवाळीपर्यंत. मोठ्या बॅचला आठ आठवडे पुरेत.

बसचं गणित पण समजून घ्या. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही, त्यामुळे निपाणी, चिकोडीकडच्या बायका आमच्याकडे वाढल्या, आधी त्यांना नवऱ्याकडं किंवा मुलाकडं पैसे मागायला लागायचे. पण महाराष्ट्रातल्या चंदगडकडून येणाऱ्यांना ती योजना लागू नाही, त्यांचा खर्च वेगळा धरा. परतीची शेवटची सोयीची बस कितीला आहे हे विचारूनच वर्ग संपवायची वेळ ठरवा.

फॉर्ममधला तो एक रकाना

आमच्या फॉर्मवर "निवृत्तीपूर्वीचे पद" असा रकाना होता. वडगावच्या एक काकू टेबलाजवळ पेन धरून बराच वेळ उभ्या होत्या. बाकी सगळं सुवाच्य भरलेलं, तो रकाना कोरा. मग म्हणाल्या, "मी कुठं नोकरीत होते ओ? मग मला घेणार काय नाही?" चाळीस वर्षं घर, सासू-सासरे, दोन म्हशी, आणि हातमागावर नवऱ्याच्या जोडीनं काम. त्या माघारी फिरल्या असत्या. तो रकाना मी त्याच दिवशी काढून टाकला आणि त्या जागी "तुम्हाला काय चांगलं येतं?" असं लिहिलं.

पदाचा त्रास उलट्या बाजूनं पण होतो. माजी अधिकारी, माजी मुख्याध्यापक पुढच्या ओळीत, आणि त्यांच्याच ऑफिसचा माजी शिपाई मागं, तोंड उघडत नाही. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार आणि शिपाई एकाच वर्गात असले की हे जास्त जाणवतं, सवय जात नाही. म्हणून बिल्ल्यावर फक्त नाव आणि गाव. आणि सगळ्यांना सरसकट आजी-आजोबा म्हणू नका, साठीच्या माणसाला ते आवडत नाही. काका, काकू, सर, बाई, ज्याला जे चालतं ते विचारून घ्या.

सगळे वक्ते बाहेरून आणायचे

ही चूक मी दोन वर्षं केली. निवृत्त लोकांसाठी विद्यापीठ ही कल्पना १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूजमध्ये सुरू झाली, तिथं विद्यापीठाचे प्राध्यापक शिकवायचे. पुढं १९८० च्या दशकाच्या सुरवातीला ब्रिटनमध्ये ती गेली तेव्हा तिथल्या लोकांनी ठरवलं की सभासदच एकमेकांना शिकवतील, परीक्षा नाही, पदवी नाही. मला वाटतं आपल्याला दोन्ही पाहिजे. प्राध्यापकाकडून हलशीची कदंबांची देवळं किंवा किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन देऊळ समजून घ्यायला लोकांना मनापासून आवडतं. पण वर्ग जिवंत होतो तो सभासद उभा राहिला की.

त्या वडगावच्या काकूंनी "चांगलं येतं" मध्ये "विणकाम" लिहिलं होतं. खूप मागं लागल्यावर तयार झाल्या. पिशवीतून मागावर आडवा धागा नेणारा जुना धोटा काढला, गुळगुळीत झालेला, एका बाजूला बोटाच्या जागी लाकूड झिजून खळगा पडलेला. तो सगळ्यांच्या हातून फिरला. ताणा म्हणजे काय, बाणा म्हणजे काय, धागा तुटला की आवाजावरून कसं कळतं, यंत्रमाग आल्यावर घरातला माग कधी बंद पडला, सगळं सांगितलं. वीस मिनिटं ठरली होती, तासभर बोलल्या. इतिहासाचे एक निवृत्त मास्तर वहीत लिहून घेत होते.

फक्त त्यांना एकटं सोडू नका. आधी एकदा तुमच्यासमोर बोलून बघू दे, वस्तू किंवा फोटो आणायला सांगा, आणि शेजारी बसून प्रश्न विचारत चला, भाषण करायला लावू नका.

हजेरी ७५ टक्के, परीक्षा, असाइनमेंट असलं काही लावू नका. ऑफिस मागेल, त्यांना सह्यांचं रजिस्टर द्या. सर्टिफिकेट मात्र जरूर द्या, मला आधी वाटायचं या वयात कागद कशाला, पण शिक्षण सातवीत सुटलेल्या एका बिडी कामगार बाईंनी ते फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलेलं मी बघितलंय.

भाषा आणि फोन

नोटीस कन्नड आणि इंग्रजीत निघते, आणि आपल्याकडच्या कितीतरी मराठी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. वाचता न आलेली नोटीस म्हणजे बोलावणंच नाही असं त्यांना वाटतं. कन्नड आणि मराठी दोन्ही भाषेत काढा, अनुवाद सभासदच करून देतात. वर्गात ज्याला जी येते ती बोलू दे, शेजारचा सांगतो काय म्हणाले ते. आमच्याकडं कन्नड आणि मराठी माणसं एकाच बाकड्यावर डबा उघडतात.

ऑनलाईन फॉर्म आणि ओटीपीची सक्ती करू नका, कागदी फॉर्म ठेवाच. व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात, देवाचे फोटो आणि त्यात तुमची सूचना हरवते, म्हणून महत्त्वाचं फोनवरून सांगायचं, पाच जणांनी प्रत्येकी पाच जणांना. आणि फोनवरच्या फसवणुकीवर एक तास पहिल्याच आठवड्यात घ्या, व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात कोणी "अटक" केली तर ती अटक नसते, फोन ठेवायचा, आणि पैसे गेले तर लगेच १९३० या हेल्पलाईन नंबरला कळवायचं. हा नंबर मोठ्या अक्षरात छापून घरी न्यायला द्या.

रिकामी खुर्ची

हे कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. बॅच चालू असताना कोणीतरी जातं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी सगळ्यांना त्रास नको म्हणून काही बोललोच नाही आणि त्यांची खुर्ची उचलून ठेवली. त्या दिवशी वर्ग सुन्न बसून राहिला, आणि मधल्या सुट्टीत एक बाई मला म्हणाल्या, "सर, आमाला सवय आहे ओ, नाव तरी घ्या." चूक माझी होती. आता खुर्ची तशीच ठेवतो, दहा मिनिटं ज्याला बोलायचंय तो बोलतो, मग वर्ग चालू. पुढच्या वर्षी एक काका असेच गेले, त्यांचं सेशन पंधरा दिवसांवर होतं, टिळकवाडीच्या काँग्रेस विहिरीवर, १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली ती. लेकीनं त्यांची वही आणून दिली, जाड शाईपेनानं लिहिलेली, आणि शेजारी बसणाऱ्या मित्रानं ती वाचली.

आणि फॉर्मवर दोन फोन नंबर घ्या. सगळे मुलाचाच देतात, तो बेंगळुरात किंवा पुण्यात असतो, वर्गात चक्कर आली तर त्याला फोन करून तो काय करणार तिथून? दुसरा नंबर गावातल्या अशा माणसाचा पाहिजे जो दहा मिनिटांत पोचेल, शेजारी, भाचा, दुकानदार कोणीही, आणि त्या माणसाला आधी एकदा फोन करून, तुमचं नाव दिलंय बरं का, असं सांगून ठेवा.